ओलित हा शब्द कोणाचा

मोठेबाबा पाणी का पीत नव्हते, हे मला माहीत होतं. आजवर मी हे कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

मोठेबाबा म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ. मोहगावजवळ आमचा संत्र्याचा बगीचा. त्याचं ओलित, म्हणजे झाडांना पाणी देणं, सारं त्यांच्याकडे. ऐंशीच्या दशकातल्या एका हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. जीभ शाबूत राहिली, पाय गेला, आणि लघवी आवरेना. मी तेव्हा एकवीस-बावीसचा, चांगला कळता होतो. एका सकाळी सौसरचे पाहुणे चहाला बसले होते. मोठीआई, म्हणजे त्यांची बायको, अंगणात मोठेबाबांची चादर वाळू घालत होती. मी म्हणालो,

"काय मोठेबाबा, पाह्यटेच ओलित आटोपलं?"

सगळे हसले. तेही हसले. "हो ना बाप्पा, मोटर बंदच होऊन नाही राह्यली."

घरातल्या पोरांनी शब्द उचलला, मग शेजाऱ्यांनी. दारावरून जाणारा कोणीतरी विचारायचाच, "झालं का ओलित?"

उन्हाळ्यात एकदा ते भरलेला पेला खिडकीबाहेर ओतताना मला दिसले. म्हणाले, "सांगू नको कोनाले. लोकं हासतेत. अन् तुही मोठीआई धुऊन धुऊन थकून राह्यली."

मी सांगितलं नाही. पुढेही ओतताना पाहिलं, तरी नाही. ओठ फुटले, बोलणं बरळल्यासारखं झालं, आणि ऐन मे महिन्यात शुद्ध हरपली. पांढुर्ण्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "पानी ठीक से पीते थे?"

"हो जी, मीच तं पेला भरून देत होती," मोठीआई म्हणाली. तिचं खरंच होतं. मी खाटेच्या पायथ्याशी उभा होतो. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मोठेबाबा घरी परत आले नाहीत.

त्यांची लेक रामाकोन्याला दिलेली; त्या दिवसांत ती सासरी होती. आता नातवाचं दुपटं बदलताना ती सुनेला कौतुकाने सांगते, "ओलित झालं वो! आमच्या बाबाचा शब्द आहे हा. त्याइले शेवटपरेंत बगीच्याच दिसे." ऐकणारे हसतात. मीही हसतो. दर वेळी वाटतं, आता बोलावं. आणि मी चहा मागतो.

शब्द माझा होता. त्या शब्दापायी तिच्या बाबांनी पाणी सोडलं, आणि ते मी बघत राहिलो. एवढं तिला सांगणं माझ्याकडे बाकी आहे.