जिल्ह्यातला सर्वांत मोठा तक्रारदार

अख्ख्या नंदुरबार जिल्ह्यात दुसऱ्याची तक्रार शेवटपर्यंत ऐकून घेणारा एकच माणूस होता, आणि तो माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसायचा. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. आमची संस्था जिल्ह्यात छोटे दवाखाने चालवते, नवापूरपासून थेट सातपुड्यातल्या पाड्यांपर्यंत. तिथला संगणक बंद पडला, प्रिंटरने कागद गिळला, नेट गेलं की फोन आमच्या कक्षात येतो आणि तक्रार सॉफ्टवेअरमध्ये नोंदवली जाते. आम्ही बाकीचे लोक चार शब्दांत नोंद उरकून चहाला जायचो. आबा फोन कानाशी धरून आधी विचारायचे, "बोल वं माय, काय व्हयनं?" आणि मग त्या मायचं प्रिंटर, सासू, गुडघे अशा क्रमाने सगळं ऐकायचे. शेवटी म्हणायचे, "आखो काही?" म्हणजे आणखी काही, आणि थांबायचे. फोन त्यांनी कधीही आधी ठेवला नाही. त्यांचं म्हणणं असं, की खरी तक्रार 'आखो काही' विचारल्यावरच बाहेर येते, त्याच्या आधीचं नुसतं खाकरणं असतं. आम्ही या तत्त्वज्ञानावर पोट धरून हसलो आहोत. आता हसू येत नाही ती गोष्ट वेगळी.

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये 'तक्रारदार' नावाचा एक चौकोन होता आणि त्यात काय लिहावं यावर बंधन नव्हतं. आबा माणूस जसा ओळखला जातो तसा लिहायचे. 'म्हसावदचे कंपाउंडरभाऊ.' 'नवापूरची नवी सिस्टर, पोल्ट्रीच्या मागे राहते ती.' 'डोंगरावरची सिस्टर.' त्याखालच्या शेऱ्यात तर ते अक्षरशः संसार मांडायचे. 'ही दुपारे पाणी लेवाले जास, तवय फोन करू नको. रेंज फक्त मव्हाना झाडखाले येस.' कोणी रजेवर गेलं की आम्ही गुपचूप आबांचे शेरे वाचून काम भागवायचो आणि वर त्यांच्या अहिराणीची टिंगल करायचो. कृतघ्नपणाला शिक्षण लागत नाही, पण आम्ही ते घेतलेलं होतं.

त्यांचा दुसरा विक्षिप्तपणा म्हणजे तक्रार बंद न करणं. नियम चोवीस तासांचा. तंत्रज्ञ जाऊन आला की आमची तक्रार बंद. आबांची मात्र ज्या माणसाने केली तो स्वतः 'चालू झालं' म्हणेल तेव्हा. डोंगरावरच्या सिस्टरच्या संगणकाला सौरऊर्जेची बॅटरी होती आणि ती आभाळ आलं की मान टाकायची. तंत्रज्ञ तीनदा जाऊन आला, तिन्ही वेळा लख्ख ऊन, तिन्ही वेळा संगणक सुरू. आम्ही तीनदा तक्रार बंद केली आणि आबांनी तीनदा उघडली. "ऊन शे, मंग चालीच," ते म्हणाले. "ढग येऊ दे. बाईनी सांगं नही आखो, मी कशी बंद करू?" ती तक्रार पावणेदोन वर्षं उघडी होती. त्यावर रोज लाल खूण यायची आणि आबा रोज तिच्याकडे घरातल्या म्हाताऱ्या माणसाची चौकशी करावी तसे बघायचे.

मग सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. जुन्यातली सगळी माहिती नव्यात हलवायची जबाबदारी माझ्यावर पडली, कारण मी इंग्रजी वाक्य न अडखळता वाचतो. पुण्याच्या कंपनीतल्या एक मॅडम व्हिडिओवरून मदत करत होत्या. हुशार आणि अतिशय नम्र. त्यांनी सांगितलं की नव्या आवृत्तीत शेऱ्याला शंभर अक्षरांची मर्यादा आहे, पुढचं कापलं जाईल. मी म्हणालो, चालेल. सहा महिन्यांहून जुन्या उघड्या तक्रारी आपोआप 'सोडवली' होतील. मी म्हणालो, उत्तम. मग त्या म्हणाल्या, "सर, तक्रारदारासाठी कर्मचारी क्रमांक लागतो. हजारो नोंदींत नुसतं सिस्टर, भाऊ असं आहे. या कुणाच्या नावावर टाकू?" आबांची खुर्ची रिकामी होती, ते डबा खायला गेले होते. मलाही भूक लागली होती. मी म्हणालो, "आबांच्याच नावावर टाका. लिहिलंय त्यांनीच." एवढंच. यापेक्षा जास्त विचार मी भाजी घेताना करतो. दुसऱ्या दिवशी जुन्यात जेवढ्या नोंदी तेवढ्याच नव्यात मोजून झाल्या आणि 'सर्व माहिती अचूक स्थलांतरित' या कागदावर मी सही ठोकली.

नव्या आवृत्तीत रंगीत आलेख होते आणि साहेबांना आलेख फार आवडतात. पहिल्याच आलेखात सगळ्या जिल्ह्याच्या बुटक्या काड्यांमधून एक काडी छताला लागली होती. कुणी किती तक्रारी केल्या याचा तो आलेख आणि काडी आबांची. "हा माणूस काम करतो की नुसत्या तक्रारी?" साहेब म्हणाले. आबा वर्षावर्षाच्या करारावर होते आणि करार त्याच महिन्यात संपत होता. मी तोंड उघडलं. "साहेब, ते हलवताना जरा..." "सिस्टिम खोटं बोलते का? सही तुमचीच आहे ना?" सही माझीच होती. मी तोंड मिटलं. माझ्या वीस वर्षांच्या नोकरीत मी इतक्या चपळाईने दुसरं काहीही केलेलं नाही.

आबांना बोलावून तो आलेख दाखवला गेला. चष्मा कपाळावर चढवून ते बराच वेळ बघत राहिले. "बठ्या मन्ह्याच शेतस?" सगळ्या माझ्याच का, असं त्यांनी मला विचारलं. मी खाली बघितलं. मग ते हसले. "बरोबर शे, भाऊ. मन्ह्याच व्हत्यात." त्या हसण्यात टोमणा असता तर मला झोप लागली असती. करार पुढे वाढला नाही. ते डबा आणि पाण्याची बाटली घेऊन ब्राह्मणपुरीला आपल्या घरी गेले आणि त्यांच्या खुर्चीवर आम्ही नवा प्रिंटर ठेवला.

आभाळ भरून आलं तेव्हा डोंगरावरच्या सिस्टरचा फोन आला. "आबांना द्या." ते आता नसतात, मी म्हणालो.  ती म्हणाली, "दवाखान्याच्या फोनवर मेसेज आला, तुमची तक्रार सोडवली म्हणून. पण मी आबांना सांगितलंच नव्हतं चालू झालं असं. बंद कुणी केली?" मी सिस्टिमचं नाव सांगितलं. माझ्यासारख्यांना ते एक बरं झालं आहे. नवी तक्रार नोंदवायला घेतली तर 'ढग आले की बंद' असा प्रकार यादीत नव्हता आणि जुन्या शेऱ्याचं शंभराव्या अक्षराला मुंडकं उडालेलं होतं. शेवटी मी आबांना फोन लावला.

"बोल रे भाऊ, काय व्हयनं?"

मी सिस्टरच्या बॅटरीचं सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. "वर ढग शेतस का?" "शेतस." "मंग तंत्रज्ञले आजच धाड. आनि बाई सांगत नही तोवर बंद करू नको." मी हो म्हणालो. ती तक्रार मी माझ्या क्रमांकावर नोंदवली आहे आणि ती अजून उघडी आहे. तिची लाल खूण आता रोज माझ्याकडे येते.

"आखो काही?" आबांनी विचारलं आणि ते थांबले.

त्या हजारो तक्रारींना आबांचं नाव मीच दिलं होतं, एवढंच सांगायचं होतं. पलीकडे कुठेतरी मोटर चालू होती, तिचा आवाज मी ऐकत राहिलो.

"काही नही, आबा," मी म्हणालो.

ते तरीही थांबून होते. फोन मीच ठेवला.