तारखेला निघालेल्या काकू

भातलावणीच्या दिवसांत रोहा-पेण एसटीत एक काकू माझ्या शेजारी बसल्या. पेणच्या कोर्टात त्यांची जमिनीच्या वाटणीची तारीख होती. दावा धाकट्या दिरावर, आणि दीर पुढच्याच सीटवर. काकूंनी डबा उघडला आणि अर्धी भाकरी आधी त्यांना दिली. मी बघतच राहिलो.

"उपाशी राहिला तर माज्याशी भांडनार कसा?" काकू म्हणाल्या.

मी राज्यशास्त्र शिकतो. जरा बिचकतच मी सांगितलं, की एका देशात न्यायाधीश आणि कोर्टं सुधारायला सगळ्या जनतेचं मत घेतलं. तुम्ही काय मत दिलं असतं?

दीर मागे वळले. "द्या वैनी मत. त्याची तरी तारीख पुढं जानार नाय."

काकू हसल्या नाहीत. "सायेब रजेवर असंल तर आदल्या दिवशी सांगा, येवढंच माजं मत. आज माज्या शेतावर मानसं आलीत लावनीला, आन् मी हितं."

कोर्ट कॉलेजच्या वाटेवरच, म्हणून मी सोबत गेलो. शिपाई दारातच म्हणाला, साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख घ्या.

मी चिडून काहीतरी बोलणार होतो. दिरांनी घड्याळ पाहिलं. "चला वैनी, परतीची गाडी गाठू. दोघं लागलो तर तुमच्या खालच्या तुकड्याची लावनी आज उरकंल."