दामू मास्तरांनी न केलेली सही

दामू मास्तर इंग्रजी शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहीत नसत. तो घरून आणायला सांगत. "शब्द मी दिला, मतलब तुमी आणा. चुलीपाशी बघा, गोठ्यात बघा," म्हणायचे. वसमत तालुक्यातल्या आमच्या गावची शाळा, निजामाचं राज्य. अर्थ उर्दूतच सांगायचा असा वरचा हुकूम. पण पाठ केलेल्या उर्दूचाच अर्थ आम्हाला कुठं ठाऊक होता? म्हणून मास्तर आधी आमच्या बोलीत वदवून घ्यायचे, मग उर्दू शिकवायचे.

एकदा त्यांनी 'गिव्ह अप' दिला. दुसऱ्या दिवशी कुणी सांगितलं, काकानं चिलीम सोडली. कुणी म्हणालं, वैद्यानं आजीची आशा सोडली. एकाचा बाप औंदा हळद लावायचीच सोडून बसला होता. मास्तर प्रत्येकाला "बराबर" म्हणत आणि पोराच्या नावासकट वहीत उतरवून घेत. मी सांगितलं, "माय तिच्या वाट्याची भाकर आमाला देऊन टाकती." मास्तर लिहिता लिहिता थांबले. "डिक्शनरीवाल्याला हे इतकं थोडक्यात जमलं न्हाई," म्हणाले.

त्याच आठवड्यात तपासणीचा साहेब आला. त्यानं नेमकं मलाच उठवलं, तोच शब्द विचारला. मी भाकरीचं सांगितलं. "उर्दू में बोल!" साहेब ओरडला. उर्दूवर आम्ही अजून आलोच नव्हतो. त्यानं मास्तरांची वही मागवली, चाळली, टेबलावर आपटली. "मदरसा है या बावर्चीखाना?" मग मास्तरांपुढं कागद केला. त्यावर लिहिलेलं: यापुढं अर्थ फक्त उर्दूत पाठ करून घेईन, लेकरांना चुकीचं शिकवलं ते कबूल. सही करा, नाहीतर नोकरी गेली.

गावची मोठी माणसं फेटे बांधून दारात उभी होती. एकाच्याही तोंडून शब्द निघाला न्हाई. निघाला तो माझ्याच बापाच्या. "मास्तर, करून टाका की सही. काहून तकलीफ करून घेता? घरात लेकी हायत."

"उर्दू शिकवीन, हे लिहून देतो," मास्तर म्हणाले. "पण लेकरू चुकलं म्हणून न्हाई देणार. ते चुकलं न्हाई."

नोकरी गेली. नवा मास्तर छडीनं पाठ करून घ्यायला लागला, आणि मी चौथीतून पळालो तो कायमचा. मास्तरांच्या घरी दोन वेळची चूल पेटेना. त्यांची धाकटी लेक, सुंदर, पुढं माझी बायको झाली. यंदा ती गेली, घर खायला उठतं. बापाबद्दल जन्मभर ती एकच म्हणायची, "दादा ताठ राहिले, अन् आमी उपाशी राहिलो." माझ्याच उत्तरापायी राहिली होती ती उपाशी.

साहेबावर माझा राग कमी, गावावर जास्त. मास्तरांची नोकरी जाऊन आठ दिवस झाले न्हाईत तोवर हेच फेटेवाले मास्तरांच्या ओट्यावर अर्ज लिहून घ्यायला हजर! कुणाचा बांध, कुणाची विहीर. लाज न्हाई, शरम न्हाई. आणि मास्तर त्यांना बसायला पाट देत, पाणी देत, साफ उर्दूत अर्ज लिहून देत. मला हे तेव्हाही पटलं न्हाई, आजही पटत न्हाई.

निजामाचं राज्य गेलं त्याच साली मास्तर गेले. तिरडी बांधताना मागून आवाज आला, "माणूस चांगला, पण लई हट्टी." वळून बघतो तर माझा बाप. मला नुकतं मिसरूड फुटत होतं. भरल्या माणसांत मी म्हणालो, "आबा, तुमी खांदा द्यायचा न्हाई."

बाप फेटा सावरत बाजूला झाला. मास्तरांसाठी माझ्या हातून तेवढंच झालं.