मागेव्हा

त्याचं खरं नाव कागदोपत्री तेवढं उरलं होतं. बाकी सगळे त्याला मागेव्हा म्हणत. विहिरीपाशी हातगाडी लावली आणि तिच्यावरच्या दोन निळ्या काचा उन्हाकडे तोंड करून उभ्या केल्या, की त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "मागे व्हा! ए, मागे व्हा!" समोर शेंबडं पोर असो की विहिरीचा मालक, त्याच्या लेखी सगळे सारखेच. एकदा एका मोठ्या साहेबावर तो असा खेकसला, की साहेब मागे सरता सरता चिखलात बसले. सौरपंप आल्यापासून याला शिंगं फुटली, असं लोक म्हणत. काहींना वाटे, काचांना करंट असावा. तो कुणाचंच खोडून काढत नसे.

धंदा दोघा भावांचा. विहीर उपसायची, गाळ काढायचा, झरे मोकळे करायचे. थोरला खाली उतरे, हा वर गाडीपाशी थांबे. पाण्यात सोडलेला पंप काचांवरच्या उन्हावर चाले आणि पाइपातून पाणी लांब फेकी. आधी त्यांच्याकडे डिझेलचं इंजिन होतं. धूर ओकणारं, रडतखडत चालू होणारं, पण एकदा चालू झालं की ऊन असो, नसो, त्याला सोयरसुतक नव्हतं. ते यानंच हट्टानं विकायला लावलं. गाडीला जोडून बॅटरी घ्यायचंही यानंच टाळलं. "सूर्य काय रजेवर जातोय?" असं म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर हसला होता.

आता मागे व्हा कशासाठी, ते सांगतो. त्या काचेच्या एका कोपऱ्यावर माणसाची सावली पडली, तरी पंपाचा जीव निम्मा होतो. आवाज खाली बसतो, पाइपातली धार लुळी पडते. सावली हलली की पुन्हा सगळं सुरळीत. एवढंच गुपित होतं. ते दोघा भावांखेरीज कुणाला ठाऊक नव्हतं, घरातही नाही.

"सांगून टाक ना लोकांना," दादा म्हणायचा. "आपण काय चोरी केलीय?"

"हो, सांगतो! म्हणजे उद्या म्हणतील, माणसाच्या सावलीला भितो तो कसला पंप! जातील सगळे परत डिझेलवाल्याकडे."

दादा मान हलवून विहिरीत उतरायचा. तो वाद घालणारा माणूस नव्हता. त्यानं तेव्हा तरी वाद घालायला हवा होता, असं मला अजून वाटतं.

वीटभट्टीच्या मागे एक जुनी, अरुंद विहीर होती. तळाशी जेमतेम चार हात रुंद. भट्टीवाल्याला ती साफ करून हवी होती. सकाळपासून काम नीट चाललं होतं. दुपारी दादा गुडघाभर पाण्यात उभा राहून घमेल्यात गाळ भरत होता, तेव्हा एका अंगाचं दगडी बांधकाम सुटलं. फार मोठा आवाजही झाला नाही. एक लांबट दगड आडवा पडला आणि दादाचे दोन्ही पाय त्याखाली रुतले. ज्या भगदाडातून तो दगड निसटला, तिथून पाणी आत घुसू लागलं.

भट्टीवाला माणूस तोंडाचा फटकळ, पण त्या दिवशी सगळ्यांत आधी दोर धरून उतरला तो तोच. पहार लावली, खांदा लावला, दगड तसूभर हलला नाही. वरून कुणीतरी अग्निशमनवाल्यांना फोन केला. निघालोय, अर्धा तास लागेल, असं ते म्हणाले. पाणी कमरेवरून छातीला आलं, छातीवरून गळ्याशी आलं. तिथं मात्र ते थांबलं. भगदाड पाण्याखाली गेलं तसा त्याचा जोर उतरला होता, आता जेवढं पाणी तिथून येत होतं, तेवढंच पंप बाहेर फेकत होता. ना कमी, ना जास्त.

"दादा, थांबलं बघ! थांबलं पाणी!" तो वरून ओरडला.

"मग पंपाकडे बघ," खालून दादा म्हणाला. "माझ्याकडे काय बघतोस?"

भट्टीवरची शंभर माणसं धावून आली. आयुष्यात कधी ओरडला नसेल असा घसा फोडून ओरडत त्यानं त्यांना हटवलं. अंगावर धावून गेला. एकाला तर विटेचा तुकडा फेकून मारला. लोक दचकून लांब उभे राहिले. भाऊ खाली अडकलाय, डोकं फिरलंय याचं, असं ते आपसांत म्हणाले. पंप एका सुरात चालला होता.

आणि मग वहिनी आली.

ती या घरात लग्न होऊन आली, तेव्हा हा नऊ वर्षांचा होता, आई नसलेला. तिनं याला नाक शिंकरायला शिकवलं, पाढे शिकवले, तापात रात्र रात्र मांडीवर घेतलं. थट्टेत मोठ्या माणसासारखं "अहो भाऊजी" म्हणायची, ते तसंच राहून गेलं. जगावर खेकसणारा हा बाबा तिच्यासमोर कधी चढ्या आवाजात बोलला नव्हता.

लोकांनी आपणहून तिला वाट करून दिली. ती अनवाणी धावत आली, गाडीच्या पुढ्यात थेट काठाशी थांबली आणि खाली वाकली. ऊन तिच्या तोंडावर होतं. तिची सावली मागे, डावीकडच्या काचेवर पडली.

पंपाचा आवाज बसला.

त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात खालून दादाचा आवाज आला, "आलीस होय?" त्या आवाजात काय होतं ते मी सांगू शकत नाही. दादानं वर मान केली होती आणि त्याला तिचं तोंड दिसत होतं. त्या बाईला आता मागे व्हा कसं म्हणायचं? दोन पावलं बाजूला, एवढंच तर म्हणायचं होतं. बोलायचं सोडून तो गाडीकडे धावला. गाडीच वळवू, म्हणजे कुणाला काही सांगायला नको. चाकाखाली दगड लावले होते, ते त्यानंच सकाळी टाच मारून मारून पक्के बसवले होते. पहिला निघाला. दुसरा निघेना. त्याची नखं फुटली. खाली भट्टीवाला दादाचं डोकं दोन्ही हातांनी वर धरून ओरडायला लागला, "अरे, पाणी चढतंय! पंपाला काय झालं?"

दुसरा दगड सुटला तोवर दोन-तीन मिनिटं गेली असतील. गाडी वळली, ऊन काचेवर आलं, पंपानं पुन्हा सूर धरला. पाणी पुन्हा थांबलं, पण आता ते दादाच्या नाकाच्या वर होतं. पाइपाचा तुकडा तोंडात धरायला द्यावा, हे कुणाला तरी सुचलं ते त्यानंतर. अग्निशमनची गाडी पोहोचली ती आणखी दहा मिनिटांनी.

"मधेच पंप का बसला हो, भाऊजी?" वहिनीनं तेराव्या की चौदाव्या दिवशी विचारलं.

"ढग आला होता," तो म्हणाला.

तिनं ते मानलं. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगायची, एक ढग आला हो, एवढासा, नाहीतर वाचले असते. ते ऐकताना तो समोर बसलेला असे. मान खाली घालून हो म्हणे. खोटं बोलून त्यानं तिला वाचवलं की स्वतःला, हे त्यालाही धड सांगता आलं नसतं. मला विचाराल तर दोघांना, आणि म्हणूनच त्याला ते खोटं सोडता येईना.

काम बंद ठेवून चालणार नव्हतं. वहिनीच म्हणाली, मी येते. मग तो दादाच्या जागी खाली उतरू लागला आणि ती त्याच्या जागी वर उभी राहू लागली. त्यानं तिला सगळं शिकवलं. काचा ओल्या फडक्यानं कशा पुसायच्या, सूर्य सरकेल तशी गाडी कशी वळवायची, पाइपाला पीळ पडला तर काय करायचं. चाकाखाली दगड मात्र आता तो सैलच लावायचा. आणि मागे व्हा म्हणायचं त्यानं सोडून दिलं. गाडीभोवती लांबवर चार खुंट्या ठोकून दोर बांधायचा आणि सांगायचा, "दोराच्या आत कुणाला येऊ द्यायचं नाही, वहिनी. तुम्हीही काचांच्या मागेच थांबायचं. करंट असतो." नाव तेवढं चिकटलेलं राहिलं. लोक अजून मागेव्हाच म्हणत.

वर्षभर असं चाललं. मग एका गिरणीच्या आवारातल्या विहिरीचं काम निघालं. तो तळाशी होता, पाणी घोट्याएवढं. गिरणीवाला हौशी गृहस्थ, दोर ओलांडून यंत्र बघायला पुढे आला असावा. खाली याला फक्त पंपाचा आवाज बसलेला ऐकू आला. त्याच्या हातातलं घमेलं गळून पडलं.

"अहो, तिथून बाजूला व्हा!" वर वहिनी म्हणाली. "करंट आहे."

पंपानं सूर धरला.

"शेठ," वहिनीचा आवाज आला, "जरा परत उभे राहा बरं तिथं."

"आत्ता म्हणालीस ना, करंट आहे?"

"राहा उभे. काही होत नाही."

आवाज बसला.

"आता व्हा बाजूला."

आवाज चढला. त्याला खालून ओरडायचं होतं, पण काय ओरडायचं? गिरणीवाला हसत हसत काहीतरी बोलला आणि त्याच्या चपला फरफटत लांब गेल्या. मग पंपाचा आवाज पुन्हा बसला. या वेळी कुणी कुणाला उभं राहा म्हटलं नव्हतं. तिथं कोण उभं आहे, हे कळायला त्याला वर बघावं लागलं नाही. पाणी घोट्यावरून वर सरकू लागलं, पोटरीपर्यंत आलं. तो तसाच उभा राहिला.

शेवटी त्यानं वर पाहिलं. काठावरून ती वाकली होती. तिच्यामागे झगझगीत आभाळ होतं, त्यामुळे तोंड काही दिसत नव्हतं.

"भाऊजी," ती म्हणाली, "त्या दिवशी ढग होता ना?"

"होता, वहिनी."

"नक्की?"

"नक्की होता."

ती आणखी थोडा वेळ तशीच वाकून राहिली. मग बाजूला झाली आणि पंप सुरू झाला.

त्यावर दोघांत पुन्हा कधी बोलणं झालं नाही. ती अजून त्याच्याबरोबर कामाला येते. दोर बांधणं तिनं बंद करायला लावलं. गाडी लागली की तीच ओरडते, "मागे व्हा! सावली पडते काचेवर, पंप बसतो!" कारणासकट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. एकही माणूस त्यामुळे डिझेलवाल्याकडे गेला नाही. फक्त विहिरीच्या काठाशी येऊन ती आता वाकत नाही. घमेलं भरलं की तो खालून दोर हलवतो, ती लांब उभी राहूनच ओढते.