सटवाईचं हसू

राणीसावरगावच्या भिवराबाईची थोरली लेक साधना परभणीत लेकरांची डॉक्टर व्हायला शिकत होती. शेरडं राखणाऱ्या घरातली पोर एमडीला लागली म्हणून भिवराबाईचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. गावात कुणाचं पोर नुसतं शिंकलं तरी ती लेकीला फोन लावायची. साधना वैतागायची, पण उचलायची.

धाकटी प्रियांका पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगा झाला, पाचवी पुजून झाली. दुसऱ्या दिवशी भिवराबाईचा फोन आला, तेव्हा साधना परीक्षेसाठी नेमकं नवजात बाळांचे झटके घोकत बसली होती.

"लेकरू लय शांत हाय गं. दूध कमीच घ्यायलंय, पण झोपंत सारखं हसायलंय. सटवाई हसवायली त्याला."

तान्हं बाळ झोपेत हसलं की आमच्याकडे असंच म्हणतात. साधनाही त्याच कौतुकात वाढलेली. "हसू दे की, माय," म्हणत तिने फोन ठेवला आणि पुन्हा पुस्तकात डोकं घातलं. एवढ्याशा बाळाचा झटका मोठ्यांसारखा नसतो. ओठ चाळवतात, गाल ओढला जातो, बाळ हसल्यासारखं दिसतं, असं तिथे लिहिलं होतं. ते तिने पाठही केलं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

दुसऱ्या सकाळी बाळ निळं पडलं, तेव्हा जीप करून सगळी परभणीला आली. रक्तातली साखर पार उतरलेली, जंतू मेंदूपर्यंत पोचलेले. साधनाने स्वतः सलाईन लावलं, मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, जंग जंग पछाडलं. बाळ गेलं.

प्रियांकाचा पान्हा थांबत नव्हता. "माझंच चुकलं. मला धड पाजताच आलं न्हाई," ती म्हणाली.

"सटवाईनं लिव्हलेलं कुणाला पुसता येतंय, बाई?" भिवराबाई तिला समजावू लागली.

साधना गप्प बसली असती, तर कुणाला काही कळलं नसतं. पण बहीण आयुष्यभर स्वतःलाच खात बसली असती, ते तिला सोसवेना.

"माय, फोनवर तू सांगितलंस ते हसू नव्हतं. झटके होते. मला तवाच कळायला पायजे होतं. तवाच आणलं असतं तर वाचलंही असतं."

घरी न्यायची वेळ झाली, तशी साधना बाळ घ्यायला पुढे झाली. प्रियांकाने गाठोडं छातीशी आवळलं.

"तू न्हाई, ताई. माय घेईल."

भिवराबाईने थोरल्या लेकीकडे न बघता हात पुढे केले.