गेटपासचा खाकी शर्ट

मी काजं करून देणाऱ्याकडून दुसऱ्या गिऱ्हाइकांचे शर्ट घेऊन दुकानात परत आले, तोवर मास्तरांची कात्री चालून गेली होती. टेबलावर खाकी शर्ट उताणा पडला होता. दोन्ही बाह्या उसवून बाजूला ठेवलेल्या. दोन्ही खांदे दोन-दोन इंच आत कापलेले. कुशींवर खडूच्या रेघा होत्या, तिथे कात्री अजून लागायची होती.

शर्ट मी लगेच ओळखला. खिशावर बिल्ला काढल्याची चौकोनी खूण होती, आजूबाजूच्या कापडापेक्षा गडद. ती मी फोनवर किती वेळा बघितली असेल, सांगता येणार नाही.

"मास्तर, हा कोणाचा?"

"सकाळी एक पोरगा देऊन गेला. खिसा उसवलाय म्हणाला. चारला ठाण्याला त्याचा कसला तरी कार्यक्रम आहे, दोनला न्यायला येणार."

"मग खांदे कशाला कापले?"

"अगं, घालूनच आलेला तो. खांदे पार कोपराकडे. म्हटलं, स्टेजवर जातोय, फिटिंग करून देऊ. खूश होईल."

जाधव मास्तर वाईट माणूस नाही. आमचं दुकान कल्याणला, बाजारामागच्या गल्लीत. आम्ही नवीन कमी शिवतो, ऑल्टर जास्त करतो. ऑल्टर म्हणजे तयार कपडा उसवून दुसऱ्याच्या मापाचा करणं. जवळच्या मोहने गावातली कंपनी बंद झाली, त्यानंतर तिथल्या कितीतरी बापांचे युनिफॉर्म मास्तरांनी मुलांच्या मापाचे करून दिलेत. टेप लागत नाही त्यांना, नजरेने माप घेतात. त्यामुळे मोठा खाकी शर्ट आणि आत बारीक पोरगा दिसला की त्यांचा हात कात्रीकडेच जातो. विचारायची गरज त्यांना कधी पडलीच नव्हती.

हा पोरगा मोहन्याचाच. नाव ओंकार, पण गाण्यात त्याचं नाव गेटपास. रॅप करतो. रॅप म्हणजे ठेक्यावर भरभर बोलणं, पण बोलताना यमक जुळलं पाहिजे आणि श्वास कुठे घेतला ते कळता कामा नये. त्या ठेक्याला बीट म्हणतात. ज्यांच्या मागे कंपनी नाही, पोस्टर नाही, त्यांना अंडरग्राउंड म्हणतात. स्वतःच गाणं लिहायचं, मित्राच्या खोलीत रेकॉर्ड करायचं आणि फोनवर टाकायचं.

मी हे कसं ऐकायला लागले? मशीनवर बसल्यावर एका कानात इअरफोन असतो. एकदा भजन संपलं आणि फोनने आपोआपच पुढचं गाणं लावलं. हात कापडात होते म्हणून बदललं नाही. ते गेटपासचं होतं. खडवलीच्या नदीत गुडघाभर पाण्यात उभा राहून गात होता. आमच्याकडचं फाटक, आमच्याकडची वडापावची टपरी, सगळं गाण्यात. गाण्यात एवढे शब्द असू शकतात हे मला माहीत नव्हतं. मी सावकाश वाचते, पण त्याचा एकही शब्द माझ्याकडून सुटला नाही. नंतर बाकीचे सापडले. डोंबिवलीची एक मुलगी आहे, चष्मा पुसत पुसत समोरच्याला गप्प करते. आंबिवलीचे दोघे भाऊ आहेत, एकाची ओळ दुसरा पुरी करतो. रविवारी कल्याणच्या बागेत ही मुलं गोल करून उभी राहतात आणि एकेक जण मध्ये येऊन बोलतो. त्याला सायफर म्हणतात. मी भाजीची पिशवी घेऊन लांबच्या बाकावर बसते. त्यांना वाटत असेल, बाई दमली.

तर हा शर्ट. तो त्याच्या वडिलांचा होता. वडील कंपनीत होते, आता नाहीत. गेटपास दुसरं काही घालून स्टेजवर जात नाही. त्याच्या गाण्यातच आहे,

*बापाचा शर्ट अंगात, खांदा खाली लोंबतो,
तेवढं मोठं व्हायचंय, म्हणून ढिला ठेवतो.*

आणि आम्ही तो खांदा कापला होता.

साडेअकरा झाले होते. मास्तरांनी बाही उचलली, सुईत दोरा घातला.

"मास्तर, थांबा."

दुकानात मी फारशी बोलत नाही. बारा वर्षांत मास्तरांना थांबा म्हटल्याचं मला आठवत नाही. त्यांनी चष्म्यावरून बघितलं.

"हा शर्ट ढिलाच ठेवायचा होता," मी म्हटलं. "वडिलांचा आहे. ते गेले."

"तुला कोणी सांगितलं?"

"गाण्यात आहे."

"कसल्या गाण्यात?"

मी इअरफोन पुढे केला. त्यांनी तो उलटा घातला, मी सरळ करून दिला. त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं. मध्ये एकदा म्हणाले, "भांडतोय काय हा कोणाशी?" ती ओळ आली तेव्हा हातातली बाही खाली ठेवली. मग इअरफोन काढून टेबलावर ठेवला आणि कात्री ड्रॉवरमध्ये टाकली. एरवी कात्री त्यांच्या हाताशीच असते.

"कापलेलं जोडता येतं का कधी, सुमन?"

"तुकडे मिळाले तर बघू."

खांदा कापला की बाहीच्या गोलावरून कमानीसारखी पट्टी निघते. तशा दोन पट्ट्या हव्या होत्या. चिंध्यांचं पोतं टेबलाखालीच होतं. पण दिवस शाळा सुरू व्हायचे. आठवडाभर आम्ही शाळेच्या खाकी पँटी शिवत होतो, आणि पोतं खाकी तुकड्यांनी गच्च भरलेलं. मी ते जमिनीवर ओतलं. रंगावरून काही कळेना. मग डोळे सोडून बोटांनी बघायला लागले. नवीन खाकीला खळ असते, बोटाला कडक लागते. वीस वर्षं धुतलेली खाकी मऊ असते, आणि आतली बाजू बाहेरच्यापेक्षा गडद राहते. पहिली पट्टी अशी सापडली.

दुसरी सापडेना. पोतं संपलं. मास्तरही गुडघ्यावर बसून शोधत होते. मग ते एकदम उठले, त्यांच्या मशीनकडे गेले आणि खालून एक बोळा काढून आणला. सकाळी मशीनला तेल घातलं, त्यानंतर हाताला आलेल्या तुकड्याने पुसलं होतं. तो हाच तुकडा.

साबणाने दोनदा धुतला, इस्त्रीने वाळवला. डाग फिका झाला, गेला नाही.

आता जोडायचं कसं? नेहमीची शिलाई मारली तर दोन्ही कडा आत जातात आणि एक इंच कमी होतं. मग खांदा परत आखूड. म्हणून मी खालून जुन्या मलमलची पट्टी लावली, वर दोन्ही कडा एकमेकींना नुसत्या टेकवल्या, आणि दोन्ही बाजूंनी बारीक टीप मारत गेले. कापड कुठेच आत जात नाही. पण जोड लपतही नाही. खांद्यापासून काखेपर्यंत दोन रेघा दिसतात, ऑपरेशनच्या टाक्यांसारख्या. मास्तरांनी स्वतः खिसा शिवला आणि बाह्या चढवल्या. माझ्या कामात एकदाही बोट घातलं नाही.

दोनला दहा मिनिटं असताना मास्तर म्हणाले, "घाईत आहे तो. घडी घालून देऊ. कळणार नाही."

"कळेल," मी म्हटलं. "तो ह्याच्यावर लिहितो."

तो आला. फोनवर आणि बागेत लांबून दिसतो त्याहून बारीक आहे. मी मशीनकडे तोंड केलं. मास्तरांनी शर्ट पसरून ठेवला आणि सरळ सांगितलं, "बाळा, माझ्याकडून चूक झाली. न विचारता खांदे कापले. हिने परत जोडले."

ओंकारने जोडावरून बोट फिरवलं, एका खांद्यावर, मग दुसऱ्या.

"काका, मी खिसा सांगितलेला ना. फक्त खिसा."

"हो."

"पप्पांचा आहे हा."

"आता माहीत आहे."

त्याने शर्ट तोंडाला लावला. तेल लागलेला खांदा होता तो. मग म्हणाला, "ड्युटीवरून आले की असाच वास यायचा. घरी धुऊन धुऊन गेलेला."

त्याने शर्ट चढवला. खांदे कोपराकडे लोंबले, पहिल्यासारखे. आरशात वळून बघितलं.

"हिने म्हणजे कोणी? मावशी, तुम्ही?"

मी मान हलवली.

"तुम्हाला कसं कळलं ढिला ठेवायचाय?"

आता गप्प बसून चालणार नव्हतं. मी त्या दोन ओळी म्हटल्या. बीट नव्हतं, आवाजही लागला नाही, कविता म्हणतात तशा म्हटल्या. त्याच्या पुढच्या चार ओळीही तोंडातून निघाल्या.

"अरे," तो म्हणाला, "पाठ आहे तुम्हाला? माझ्या घरी कोणाला पाठ नाहीये."

"दिवसभर तेच ऐकते," मास्तर म्हणाले, "आणि मला वाटायचं, हरिपाठ."

तो हसला. जाताना मला वाकून नमस्कार करायला लागला, मी मशीनच्या पलीकडे सरकले.

कार्यक्रम म्हणजे रॅपची स्पर्धा होती, फोनवर थेट दाखवत होते. मास्तरांनी माझा फोन कापडाच्या गठ्ठ्याला टेकवून ठेवला आणि आम्ही दोघांनी काम थांबवून बघितलं. दुसऱ्या फेरीत तो बाहेर पडला. डोंबिवलीची चष्मेवाली पुढे गेली, आणि खरं सांगायचं तर ती त्या दिवशी सगळ्यांहून चांगली होती. पण पहिल्या फेरीत त्याने शर्टावरची ओळ म्हटली आणि त्यापुढे चार नव्या ओळी म्हटल्या, कापण्याच्या आणि जोडण्याच्या. गाडीत लिहिल्या असणार. म्हणताना हात खांद्यावरच्या रेघेवर होता. समोरची पोरं ओरडायला लागली. तीन तासांपूर्वी आमच्या टेबलावर झालेली गोष्ट त्याने यमकात बसवली, आणि श्वास कुठे घेतला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

आता आमच्या चिठ्ठीवर, कपड्याला टाचतो त्या, एक रकाना वाढलाय. 'काय करायचं' त्याच्या खाली 'काय करायचं नाही'. मास्तर प्रत्येकाला विचारतात, कोणी नुसतं बटण लावायला आलं तरी. गिऱ्हाईक वैतागतं.

मी तो व्हिडिओ अजून बघते. कॅमेरा जवळ जातो तेव्हा उजव्या खांद्यावर एक धागा लोंबताना दिसतो, बोटभर लांब. बाकी कोणाला दिसत नसेल. एवढं सगळं करून तो कापायचा राहून गेला.