आनंदाला ग्रेस मार्क

परीक्षा विभागाचे हेडक्लार्क म्हणजे सगळ्यांचे काका. माणूस सोन्यासारखा, पण खोड जन्माची: दोन-चार मार्कांनी कुणी नापास होताना दिसला की ह्यांचा जीव तुटायचा. नियमात बसवून ग्रेस मार्क देईपर्यंत घास उतरायचा नाही.

तर एकदा विद्यापीठाला हुक्की आली, आपले कर्मचारी सुखी आहेत का ते बघायचं. प्रत्येकाने आपल्या आनंदाला शंभरपैकी मार्क द्यायचे. पस्तीस किंवा वर सुखी, खाली दुःखी, असा सोपा हिशेब. काकांच्या विभागाने काय दिवे लावले असतील? झाडून सगळे पस्तीसच्या आत! टायपिस्टबाईंनी तीस दिले होते. बिचारीची मुलगी दवाखान्यात, आणि जागेवर बसायला दुसरं माणूस नाही म्हणून रजा मिळेना.

काका हबकले. अख्खा विभाग नापास? छे छे, लोक तोंडात शेण घालतील! मुकाट्याने पेन काढलं आणि ज्याला जेवढे कमी पडत होते तेवढे घातले. आता ह्या माणसाला काय म्हणावं! त्या दिवशी चार घास जास्त जेवले.

झालं! आठवड्याभरात हुकूम आला. दुःखी विभागांना एकेक जादा कारकून. परीक्षा विभाग सुखी, सबब गरज नाही.

"काका, मी तर तीसच दिले होते ना?" एवढंच बोलून टायपिस्टबाई डोळे पुसत कामाला लागल्या. करायला गेले गणपती आणि झाला मारुती!

ते तडक कुलसचिव मॅडमकडे गेले. "मॅडम, मार्क मी वाढवले. मला काय करायचं ते करा, पण टायपिस्टबाईंना रजा द्या."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो काका, जन्मभर चोख निकाल लावलेत, आणि आता हे?" पण आधी रजेवर सही केली, दुसरं माणूस पाठवायला सांगितलं. मग विभागाचे कागद चाळता चाळता थांबल्या.

"बाकी सगळे पस्तीस, मग हे बारा कुणाचे?"

काका खाली बघत म्हणाले, "माझे. घरच्या पेपराला हात लावायचा नसतो, मॅडम."

मॅडमनी कागद बाजूला ठेवला. "बाराच का, काका?"

काकूंना जाऊन तीन वर्षं झाली होती. एवढ्या दिवसांत असं कुणी विचारलंच नव्हतं. काका सांगायला गेले आणि उभ्या उभ्याच रडायला लागले.